हात ताटावर नव्हता

मी बिदरच्या एका लॉजमध्ये कारकून. रिसेप्शनवरच्या बढतीसाठी रविवारी तीन वाजता मालक व्हिडिओ कॉलवर परीक्षा घेणार होते. हातांच्या हालचाली करायच्या आणि इंग्रजीत बोलून दाखवायच्या. वेव्ह युवर हॅन्ड, फोल्ड युवर आर्म्स, क्लेंच युवर फिस्ट. (मूठ आवळायची सवय मला लग्नापासून आहे, पण खिशातल्या खिशात.)

त्याच रविवारी हळ्ळीखेडला सासुरवाडीत पुरणपोळीचं जेवण होतं. मेहुणा मल्लेश बी.ए. झालेला. म्हटलं, जेवता जेवता त्याच्याकडून उजळणी करून घेऊ. एका दगडात दोन पक्षी! (दगड माझ्याच टाळक्यात बसायचा होता.)

आमच्याकडे जावयाच्या तोंडच्या 'नको'ला काडीची किंमत नाही. ताटावर हात आडवा धरला, तरच वाढणारी थांबते. आणि सासूबाई, म्हणजे अनसाबाई, पोळ्यांची परात घेऊन माझ्या पुढ्यातच उभ्या होत्या.

"दाजी, रेज युवर हॅन्ड्स!" मल्लेश म्हणाला.

मी दोन्ही हात वर केले. ताटात दोन पोळ्या पडल्या.

"बास, मामी!"

"तोंडानं बास म्हनायलाव, मंग हात कुटं हाय? लाजायलाव कामून?" सासूबाईंनी तुपाची धार सोडली.

"फोल्ड युवर आर्म्स!"

मी हाताची घडी घातली. आणखी एक पोळी.

"क्लॅप युवर हॅन्ड्स!"

मी टाळ्या वाजवल्या.

"बगा की, किती आवडल्यात!" सासूबाई गहिवरल्या आणि त्यांनी दोन पोळ्या एकदम टाकल्या.

"आवो, ताटावर हात ठिवा की!" बायको, श्रीदेवी, कानाशी कुजबुजली.

"त्याला इंग्रजीत काय म्हणतात?" मी घाबरून विचारलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

नवव्या पोळीला सासरे लिंगाप्पा म्हणाले, "जावई पैलवान हाय आपला!" अन्नाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

तीन वाजता फोन वाजला तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो. बसलो होतो म्हणजे मला बसवलं होतं.

"वेव्ह युवर हॅन्ड," मालक म्हणाले.

मी हात उचलला. तो अर्ध्यातच थांबला. उत्तरासाठी तोंड उघडलं, तर ढेकर आली. मल्लेशला माझी दया आली. मला आठवावं म्हणून तो मागे उभा राहून एकेक हालचाल करून दाखवू लागला, आणि तोंडानं इंग्रजीही बोलू लागला.

मालक बघतच राहिले. "ये पीछेवाला कौन है?"

सोमवारपासून मल्लेश रिसेप्शनवर बसतो. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! श्रीदेवीनं मात्र भावाच्या नावानं गल्लीत पेढे वाटले. हल्ली काम निघालं की मल्लेश काउंटरवरून मला एका बोटानं बोलावतो. त्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला अजून माहीत नाही. पण मी जातो.