एका बोअरवर निर्णय नाही

आमच्या घरी शिरा झाला की पहिला मान देवाच्या नैवेद्याचा आणि दुसरा शरयूताईंच्या नळीचा. नारळपाणी प्यायची स्टीलची नळी त्या पातेल्यात तळापर्यंत खुपसतात, फिरवून वर काढतात, आत अडकलेला शिरा ताटलीत ढकलतात आणि चष्मा कपाळावर सरकवून बघतात.

"काजू फक्त वरच्या थरात. खाली नुसता रवा. साठा उथळ आहे, सुनंदा."

शरयूताई माझ्या थोरल्या नणंद. शिकल्या भूशास्त्र, नोकरी खनिजं शोधणाऱ्या कंपनीत. जमिनीत बोअर मारायचे, निघालेल्या दगडाच्या कांड्या तपासायच्या आणि खाली धातू कुठे, किती, याचं चित्र कॉम्प्युटरवर उभं करायचं. निम्मं आयुष्य जंगलातल्या तंबूत काढून आता त्या नाशिकला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, तिथूनच काम करतात. लग्न का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "पुरेसे नमुने मिळाले नाहीत."

इथवर मी सोसलं. पण माझ्या मुक्ताला पिंपळगाव बसवंतचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घरचं कोल्ड स्टोरेज, मुक्तालाही पसंत. आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो. मुलाच्या आई, कुसुमताई, शिरा घेऊन आल्या आणि आमच्या ताईंनी पर्समधून नळी काढली. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. नळी परत आत गेली, पण त्यांनी मोठ्यानं विचारलं, "सुनंदा, पाय का दाबतेस?"

परतताना गाडीत मी म्हणाले, "ताई, होकार कळवूया का?"

"एका बोअरवर निर्णय नाही."

मग त्या एकट्याच बसनं पिंपळगावला जायला लागल्या. कोल्ड स्टोरेजवरच्या हमालांना विचारलं, मालक अंगावर ओरडतो का. शेजारणीला विचारलं, या घरातून भांडणाचे आवाज येतात का. मला हे सगळं कळायचं कुसुमताईंच्या फोनवरून. "तुमच्या ताई आज परत आल्या होत्या," एवढंच म्हणायच्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमचे हे म्हणायचे, "ताईला कोण सांगणार? तूच बोल." मी बोलले की ताई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसस्टँड गाठायच्या.

शेवटी मी वर गेले. ताई स्क्रीनवर कुठल्याशा डोंगराचं पोट रंगवत बसल्या होत्या.

"ताई, स्थळ मोडलं तर मुक्ताला काय सांगू? अजून काय तपासायचं राहिलंय?"

"काही नाही. मुलगा चांगला आहे. मागेच कळलं."

"मग आता कशाला जाताय?"

त्यांनी चष्मा काढला. "बापलेक सकाळी जातात ते अंधार पडल्यावरच येतात. बाई दिवसभर एकटी. सासू गेली तरी चहा दोघींचा टाकते, एक कप ओतून देते. सवय जात नाही म्हणाली." मग चष्मा पदरानं पुसत म्हणाल्या, "तंबूत मी रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईला चहा विचारायचे."

तेवढ्यात हातातला फोन वाजला. कुसुमताईच. मी घाईघाईनं माफी मागायला लागले.

"अहो, मुक्ता आमचीच झाली, त्याचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "पण ताई आज नाय आल्या. चहा टाकू का थांबू, तेवढं विचारा."

मी फोन ताईंपुढे धरला. त्या खुर्चीखाली वाकून चपला शोधत होत्या.