जन्माला न आलेले चार लेखक

निंबाळकर मॅडमना कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "कुठं वाचलंत?" ताथवड्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या ग्रंथपाल. आज कँटीनची मिसळ फक्कड झालीय म्हणणाऱ्या शिपायालाही त्यांनी हेच विचारलंय. हल्लीच्या मुलांचं लक्षच टिकत नाही, असं प्राचार्य मीटिंगमध्ये म्हणाले, तेव्हाही त्यांनी शांतपणे तेच विचारलं. प्राचार्यांनी पुढचा विषय घेतला.

मुलं लायब्ररीत येतात ती मोबाईल चार्ज करायला, याचा मॅडमना भयंकर संताप. "ही लायब्ररी आहे की एसटी स्टँड?" म्हणून त्यांनी नियमच केला, प्लग हवा तर शेजारी पुस्तक उघडं हवं. मुलं हाताला येईल ते उघडून ठेवत. मग मॅडम मागून येऊन त्या पानावर काय लिहिलंय ते विचारत.

मी तिथंच मेकॅनिकलला शिकवतो. गेल्या वर्षी माझ्या हाताखाली प्रोजेक्ट करणारी अश्विनी लातूरकडची. गिअर का झिजतात, यावर तिचा रिपोर्ट होता. एके दिवशी मॅडम तो घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या.

"या रिपोर्टच्या शेवटी दिलेल्या संदर्भयादीतली चार पुस्तकं तीन दिवस शोधतेय. पुण्यातल्या लायब्रऱ्यांना फोन केले. पुस्तकं नाहीतच. लेखकसुद्धा जन्माला आलेले नाहीत."

"मॅडम, मुलं मोबाईलला विचारतात. तो देतो ठोकून."

"पोरीनं मोबाईलला विचारलं. सही करताना तुम्ही कुणाला विचारलंत?"

मी रिपोर्ट न वाचताच सही केली होती.

अश्विनीला बोलावलं. मॅडमनी तिला उभं-आडवं झोडपलं. शेवटी पोरगी म्हणाली, "व्हिडिओ बघितला की समजल्यागत वाटतंय मॅडम. पेपरात लिहायला गेलं की काहीच येत नाही. काय वाचावं तेच कळंना. अन् इथं विचारायचं कुणाला?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "उद्यापासून चार वाजता ये."

त्या दोघी रोज लायब्ररीच्या कोपऱ्यात बसू लागल्या. मॅडम कला शाखेच्या, गिअरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. अश्विनी गिअरवरच्या एका पुस्तकातला एक परिच्छेद वाचायची आणि मॅडमना समजेपर्यंत सांगायची. मॅडमना सहजासहजी समजत नसे, त्यामुळे अश्विनीला फार चांगलं समजलं. रिपोर्ट तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहिला. नंतर चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागली. जाताना मॅडमच्या पाया पडली. मॅडमनी तिला डोळे पुसायला रुमाल दिला आणि दाराशी चप्पल नीट ठेवत नाही म्हणून दोन शब्द ऐकवले.

त्यानंतर आठवड्याभरानं मी लायब्ररीत गेलो. चार वाजून गेले होते. मॅडम त्याच कोपऱ्यात, समोरची खुर्ची रिकामी. पुढ्यात तेच पुस्तक आणि एक वही. वहीत गिअरच्या दात्यांच्या आकृत्या, फूटपट्टीनं जपून काढलेल्या.

"पाच धडे झाले होते आमचे," त्या म्हणाल्या. "सहावा राहिला. एकटीला काही कळत नाही."

मी उभाच होतो.

"तुम्हाला उद्या चारला तास असतो का?"

"नाही," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी त्या पुस्तकाच्या माझ्या जुन्या प्रतीतला सहावा धडा काढून वाचायला बसलो. बऱ्याच वर्षांनी.