भुजंग सरांची अब्रू आणि माझं एक जादा वाक्य

लिहिण्याच्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीत नाही! भूकंपाच्या साली पडलेल्या घरांचे पंचनामे लिहिलेला माणूस आहे मी. पुढे औशाच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली आणि वर्तमानपत्रांना एकशे बारा पत्रं पाठवली. त्यातली चार छापून आली, तीही अर्धी कापून. पण तो दोष संपादकांचा. तर असा मी, शेषेराव, निवृत्त झाल्यावर मुलीच्या डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी बायकोसह लातूरला एका खोलीत राहायला आलो, आणि भुजंग सरांच्या क्लासने माझ्या लेखणीला डिवचलं.

जाहिरातीत म्हटलं होतं, एका वर्गात फक्त साठ मुलं. आमच्या उज्वलाने मोजली, दोनशे चाळीस! त्यातून तिच्या बाकासमोर सिमेंटचा जाडजूड खांब. चार महिने पोरगी जीवशास्त्र नुसत्या कानांनी शिकत होती. एकदा मी विचारलं, "सर दिसायला कसे आहेत गं?"

"आवाजावरून तरी बरे वाटतात," ती म्हणाली.

मग मात्र मी फुलस्केप कागद काढला!

"नाव नका घालू बरं खाली," बायको म्हणाली. तिचं नाव शिवकन्या, पण आमच्या घरात कायदेमंत्री तीच. "पोरगी तिथंच शिकून राहिली. उगं सरांच्या डोळ्यावर येईल."

मी निर्भीड असलो तरी अडाणी नाही. खाली 'एक जागरूक पालक' एवढंच लिहिलं.

मला मोबाइलवर टाइप करता येत नाही. क्लासच्या गल्लीतच सलीमभाईचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथे गेलो. सलीमभाईची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाकडे ई-मेल नसला की तो बिनदिक्कत स्वतःचाच टाकायचा. कोणाचा पीकविमा, कोणाचं रेशनकार्ड, निम्म्या गल्लीचे ओटीपी त्याच्याच खिशात वाजायचे. गूगलवर क्लासच्या नावाखाली लोक शेरे टाकतात ना, तिथे माझा शेराही त्याने त्याच सवयीने, पाचपैकी एक तारा देऊन चढवला.

"काका, शेवटचं वाक्य लई कडक हाय. ठिवू का?"

"ठेव! त्याच्याशिवाय मजकुराला उठाव नाही!"

वाक्य असं होतं: 'सदर सर स्वतः बारावी नापास असल्याचे समजते.' मला तसं काहीही समजलं नव्हतं. कागदावर खाली जागा उरली होती, एवढंच.

संध्याकाळपर्यंत तो शेरा गल्लीभर फिरला. चहाच्या टपरीवर एक गृहस्थ तो मोठ्याने वाचत होते. मी ऐकायला मिळावं म्हणून दुसरा चहा सांगितला, मग तिसरा. जन्मात पहिल्यांदा माझं अख्खं पत्र, एक शब्दही न कापता, लोकांपुढे आलं होतं!

तिसऱ्या दिवशी अब्रुनुकसानीची नोटीस आली. सलीमला! शेऱ्यावर नाव त्याचं, फोटो त्याचा. पंधरा दिवसांत लेखी जाहीर माफी, नाहीतर पन्नास लाखांचा दावा. जागरूक पालक बाजूला उभा राहून नोटीस वाचत होता आणि त्यात आपलं नाव नाही ना, हे दोनदा तपासत होता.

आम्ही दोघं उमादेवी वकीलबाईंकडे धावलो. मी त्यांना सगळं खरं सांगितलं.

"दोनशे चाळीसची भीती न्हाई," बाई म्हणाल्या. "पोरं मोजून दाखवता येतात. खांब तर कुठं पळून जात न्हाई. पण ती नापासची मार्कशीट कुठाय?"

"ते वाक्य आपलं... उठावासाठी घातलं होतं."

"उठावासाठी?" बाईंनी चष्मा काढला. "आता त्या एका वाक्यापायी बाकीचं खरं बी कुणी ऐकायचं न्हाई! लिहिणारे तुम्ही ना? मग सरांपुढं जाऊन तसं सांगा. सलीमभाई सुटतील."

"उद्याच सांगतो!" मी छाती ठोकून म्हणालो.

तोवर सलीमच्या दुकानाची रया गेली होती. वर्गात फर्मान सुटलं होतं, त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. ऐन फॉर्मच्या मोसमात चारही खुर्च्या रिकाम्या. शेऱ्याखाली लोकांची उत्तरं वाढत होती, पण दोनशे चाळीसबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. वरचं नाव वाचून एकाने लिहिलं होतं, 'यांना आपल्या मुलांची काळजी कधीपासून?' त्याला शंभरावर अंगठे! मजकूर माझा होता, पण त्याचा वेगळाच अर्थ सलीमला भोगावा लागत होता.

"घरवाली वहिदा म्हणते, थोडे दिवस शटर बंद ठेवा," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सलीमला घेऊन सरांच्या केबिनमध्ये शिरलो. वाटेत वाक्य आठ वेळा पाठ केलं होतं: 'सर, तो शेरा माझा आहे.' पाच शब्द!

सर दिसायला खरोखरच बरे होते.

"या, या काका! उज्वलाचे वडील ना तुम्ही? पोरगी हुशार आहे. परीक्षेला सात आठवडे राहिले. तिला पुढं बसवायचं माझ्या डोक्यात आहेच. बोला, काय काम काढलं?"

"सर, तो शेरा..."

"हां, त्याचं काय?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मला उज्वला दिसली, मग तो खांब दिसला.

"तो शेरा वाचून मलासुद्धा फार वाईट वाटलं, सर. म्हणून सलीमभाईला समजावून घेऊन आलो."

सलीमने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मान हलवून तो म्हणाला, "हाव सर. काकांनी लई समजावलं."

रस्त्यावर आल्यावर तोच आधी बोलला. "राहू द्या काका. मला बी पोरगी हाय, अर्शिया; पोरीचं समजतंय. पण माफीनामा तेवढा तुम्हीच लिहून द्या. मला अशी मराठी येत न्हाई."

त्याच्या रिकाम्या दुकानात बसून मी लिहायला घेतलं. अक्षरशः रडत होतो! पण पेन एकदा चाललं की माझं मलाच आवरत नाही. दोनदा खोडून तिसऱ्यांदा शेवट साधला: 'माझ्या अविचारी शब्दांनी एका ज्ञानमंदिराचा उंबरा मलिन झाला, त्याचे शल्य मला आजन्म राहील.' खाली सलीमने सही केली. वाचून नाही पाहिलं.

सरांनी तो माफीनामा पालकांच्या ग्रुपवर टाकला. उज्वला त्या दिवसापासून पहिल्या बाकावर बसते.

तिने तो परवा जेवताना वाचला. शेवटपर्यंत वाचला, फोन उलटा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे सलीमचाचांनी लिहिलेलं नाही, बाबा. ही तुमची भाषा आहे."

ताट तसंच टाकून ती उठली. शिवकन्याने ते उचलून नेलं. मला मान वर करता येईना, धरणीने पोटात घ्यावं असं झालं!

आणि तरीही, आता तुमच्यापासून काय लपवू, आत कुठेतरी मला थोडंसं बरं वाटलं. पोरीने भाषा ओळखली होती!