तीन रेघांची नानकटाई

"नानकटाई ज्वारीची हाय हे निजामसाहेबांच्या खानसाम्यालासुदिक कळणार न्हाय!" नळदुर्गच्या सिद्धम्मांनी भट्टीच्या दारात जाहीर केले.

प्रतिज्ञेला कारण होते. सात वर्षांच्या नातीच्या, नीलम्माच्या पोटात गव्हाचा कण गेला की अंगभर पित्त उठे. डॉक्टरांनी गहू बंद केला होता. खंडोबाच्या जत्रेत इतर मुले नानकटाई खात, तेव्हा ही पोर त्यांच्या चालणाऱ्या तोंडांकडे अशी पाही, जणू पैलतीरावरचे दिवे पाहते आहे. यंदा आजीने ज्वारीचे पीठ वस्त्रगाळ केले, तूप फेसले, गूळ घातला. लढाईमुळे साखर दुर्मिळ. त्यामुळे साऱ्या गावाच्याच नानकटाईत गूळ होता.

"आज्जी, खूण करा. भाजायला दुसऱ्यांचे बी पत्रे हायत," भट्टीवाला शांतलिंग म्हणाला.

सिद्धम्मांनी तीन बोटे प्रत्येक गोळ्यावर भस्मासारखी आडवी ओढली. यापेक्षा वेगळी खूण कोणती असणार?

तासाभराने भट्टीतून तीन पत्रे निघाले. तिन्हींवर तीन-तीन रेघा! शेजारच्या गिरिजाबाईंनी आणि गंगम्मांनीही आपापल्या गव्हाच्या गोळ्यांवर भक्तिभावाने तेच केले होते.

"आता वो?" नीलम्माने पदर ओढला.

"चव बघू. माझा हात म्या वळखते की!" सिद्धम्मा म्हणाल्या.

पहिल्या पत्र्यावरची नानकटाई जिभेवर विरघळली.

"ही माझी!" तिघी एका सुरात म्हणाल्या.

दुसरीही विरघळली. "मग हीच माझी!" पुन्हा तिघी!

तिसरी गिरिजाबाईंनी चावली. कट्‌ असा आवाज झाला. त्यांनी गालाला हात लावला. "अगं बया, दात हलला! ही माझी न्हाय!"

"माझी तर मुळीच न्हाय!" गंगम्मा.

"माझी बी..." म्हणता म्हणता सिद्धम्मांची नजर खाली गेली. नीलम्मा पहिल्या पत्र्याकडे हात नेत होती.

"मग तिसरा पत्रा काय माझ्या भट्टीनं घातला?" शांतलिंगने विचारले.

साठ वर्षांचा सुगरणपणा सिद्धम्मांनी आवंढ्यासरशी गिळला आणि नातीचा हात धरला. "थांब, पोरी! तो दगड माझा हाय. ज्वारीचा."

गंगम्मा पदराआड हसल्या. गिरिजाबाई दात धरून हसल्या.

नीलम्माने नानकटाई गालात धरून बराच वेळ चघळली. सिद्धम्मा वाकून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"कशी हाय गं?"

"आज्जी," ती समाधानाने म्हणाली, "शिळ्या भाकरीला गूळ लावलाय व्हय? अजून एक द्या!"