मागनं बघ की

मल्लय्याबद्दल लिहा, असं आमच्या कारखान्यातली जुनी मंडळी मला कितीतरी दिवस सांगत आहेत. मी कधी चष्म्याचं कारण सांगितलं, कधी हात थरथरतो म्हणून सांगितलं. खरं कारण निराळं होतं. मल्लय्याच्या गमती सांगत गेलं की एका ठिकाणी येऊन थांबावं लागतं, आणि त्या ठिकाणी मी उभा असतो. आता माझं वय शहात्तर आहे आणि चष्मा नवीन आहे. तेव्हा लिहितो.

मल्लय्या कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायचा. इडली आली की पालथी करून तिचा तळ तपासायचा. लग्नपत्रिका मागून वाचायला घ्यायचा. कापडाच्या दुकानात शर्ट आतून बाहेर काढून ठेवायचा, त्यामुळे दुकानदार त्याला लांबून बघूनच पाणी प्यायला आत जायचे. देवळात गेला तरी पहिला नमस्कार मागच्या भिंतीला. डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडावर धरला तेव्हा हा म्हणाला, "डॉक्टर, मागनं बघितलं का?" माझ्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो निघाला. मल्लय्यानं फोटोग्राफरला थांबवून आणखी एक, पाठीमागून काढायला लावला. तो फोटो माझ्याकडे आहे. अकरा माणसांच्या पाठी आणि एक हार.

याचं मूळ त्याच्या कामात होतं. आमच्या चादरीच्या कारखान्यात तो नक्षी काढायचा. बारीक चौकटींच्या ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा आणि त्यावरून मागावर लावायच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडायची. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. पुढं जिथं लाल, तिथं मागं पांढरं. तो म्हणायचा, "पुढची बाजू गिऱ्हाइकाची. चूक मागनं बघ की, लगेच दिसती." मी तिथं हजेरी लिहायचो. तो शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू बोलणारा. मी शुक्रवार पेठेतला, घरी कन्नड. आम्ही दोघं भांडायचो मराठीत.

कुणी त्याला गाव विचारलं तर तो कधी सोलापूर सांगायचा नाही. तेलंगणातल्या, करीमनगरकडच्या एका खेड्याचं नाव सांगायचा. ते खेडं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. जन्म सोलापूरचा, शाळा मराठी, तिन्ही बहिणी सोलापुरातच दिलेल्या, पण हा म्हणायचा, "आमी परदेशी माणसं. हितं कामाला आलोय." कामाला येऊन त्यांना तीन पिढ्या झाल्या होत्या.

त्याचा आजोबा बायकोला आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन चालत सोलापूरला आला. अंगावर पिणारी मुलगी वाटेत टिकणार नाही म्हणून तिला आजोळी ठेवलं. पुन्हा जाऊन घेऊन येऊ म्हणाले. ते जमलं नाही. ती तिकडंच वाढली, तिकडंच तिचं लग्न झालं. मल्लय्याची ही आत्या, तेलुगूत मेनत्त, सोलापूरला एकदाच आली, तो सात वर्षांचा असताना. आठ दिवस राहिली. ती त्याला 'मल्लिगा' म्हणायची. तेलुगूत ते फार लाडाचं. "मला मल्लिगा म्हणणारं एकच माणूस उरलंय आता," हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. बायको गेल्यावर तर तो ते जास्तच म्हणायला लागला.

निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं की आजोबा ज्या वाटेनं आला त्या वाटेनं मोटारसायकलवर परत जायचं, आणि शेवटी आत्याच्या दारात गाडी लावायची. रेल्वे आहे, एसटी आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, आजोबा चालत आला, मी काय डब्यात बसून जाऊ? मोटारसायकल म्हणजे निम्मं चालणंच. शिवाय आजोबा कुठं कुठं मुक्कामाला थांबला, ते त्याच्या बापानं त्याला पाठ करून दिलं होतं. बस तिथं थांबत नाही.

मग त्यानं भिंतीवर ग्राफ पेपर चिकटवायला सुरुवात केली. दहा चौकोन म्हणजे एक किलोमीटर. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत कागद खोलीच्या तीन भिंतींवरून फिरून दारापर्यंत आला. लाल चौकोन म्हणजे चहा. हिरवा म्हणजे आजोबाचा मुक्काम. निळे चौकोन मात्र फार होते, दर वीस-पंचवीस किलोमीटरला एक. हे काय, असं विचारल्यावर म्हणाला, "गाडी गार करायची." मी हसलो. म्हणालो, एवढ्या वेळा गार करायची तर गाडी घेऊन कशाला जातोस, माठ घेऊन जा.

मागच्या सीटवर मी बसायचं, हे त्यानंच ठरवलं होतं. मी हो म्हणालो. हो म्हणायला पेट्रोल लागत नाही. रोज सकाळी तो सरावासाठी शुक्रवार पेठेत यायचा, मला मागं बसवायचा, आम्ही सात रस्त्याच्या चौकापर्यंत जायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो. कारखान्याच्या जिन्यावरून पडल्यापासून माझी कंबर दुखायची. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सात रस्त्यापर्यंत कशीबशी सोसायची.

एकदा त्यानं मोठी चाचणी घेतली. जायचं होतं पूर्वेला, हा निघाला पश्चिमेला, मंगळवेढ्याला. मी विचारलं तर म्हणाला, "आधी मागची बाजू बघायची, बसण्णा. मग पुढची." दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. याचं लक्ष फक्त किलोमीटरच्या दगडांवर, आणि दगडाजवळ थांबून त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते बघण्यावर. आम्ही संध्याकाळी परत आलो. मी तीन दिवस अंथरुणातून उठलो नाही. मल्लय्याला सर्दी म्हणून कळवलं. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की आपल्याला करीमनगरला जायचं नाही. पण ते त्याला सांगायचं कसं, हे ठरवता आलं नाही.

त्यानं आत्याला पत्र लिहिलं. फोन का करत नाहीस, असं मी म्हणालो, तर म्हणाला, फोनला मागची बाजू नसते. खरं म्हणजे त्याच्याकडे नंबर नव्हता, आणि मोबाइल त्यानं घेतलाच नव्हता. पत्र त्यानं तेलुगूतच लिहिलं, पण मराठी अक्षरांत; तिकडं शाळेत हिंदी असते, कुणीतरी वाचील म्हणाला. त्याला तेलुगू वाचता येत नव्हतं. ही गोष्ट त्याच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती. तिथं तो तरुण पोरांना आईची भाषा विसरलात म्हणून झापायचा आणि तेलुगू वर्तमानपत्र काखेत घेऊन फिरायचा.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेलुगू अक्षरांत. पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. गल्लीत कुणाला दाखवायची सोय नव्हती. कन्नड आणि तेलुगू लिपी म्हणजे सख्ख्या बहिणी. मला अक्षरं लावता यायची, अर्थ कळायचा नाही. त्याला अर्थ कळायचा, अक्षरं लागायची नाहीत. मी अडखळत मोठ्यानं वाचायचं आणि त्यानं डोळे मिटून ऐकायचं, असं आम्ही ते पत्र वाचलं. आत्यानं सांगितलेलं तिच्या मुलानं लिहून घेतलं होतं. खुशाली, शेताची हकिकत, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. मल्लय्या मध्येच हसायचा आणि मला कशाला ते कळायचं नाही.

पान संपलं. त्यानं सवयीप्रमाणे विचारलं, "मागं काय हाय?"

मी पान उलटलं. मागं दोन ओळी होत्या. वाचायच्या आधी नजर पुढं धावते, तशी माझी धावली. सगळं तेलुगू मला कळत नव्हतं, पण 'कंड्लु' म्हणजे आमचे कण्णु, डोळे. उगादी आमचीही तीच, म्हणजे पाडवा. 'मुंदे' म्हणजे आधी. 'रा' म्हणजे ये, हे कारखान्यात चाळीस वर्षं ऐकलेलं. आणि एक शब्द तर मला तोंडपाठ होता. मल्लिगा.

पाडव्याला पाच आठवडे होते. मी वाचलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी गाडीला लाथ मारून दारात उभा राहिला असता.

मी म्हणालो, "काही नाही. पत्ता आहे."

"दोन वळी हायत की."

"लांब पत्ता आहे."

त्यानं पान हातात घेतलं, त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. आयुष्यभर त्यानं इडलीवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

मला थोडी मुदत हवी होती, एवढंच. पाडव्यानंतर ऊन वाढेल, तो स्वतःच म्हणेल पावसाळ्यानंतर जाऊ. तोवर कंबरेचं सांगता येईल, नाहीतर दुसरा कुणी सोबती बघता येईल. असा हिशेब मी मांडला. पाडवा झाला. आमच्याकडे पुरणपोळी खाऊन गेला तो. जाताना पोळी उलटून बघितली, म्हणाला, वहिनी, मागनं पण झकास.

उन्हाळ्यात दुसरं पत्र आलं. तो पुन्हा माझ्याकडे घेऊन आला. मी चष्मा लावला आणि वाचत गेलो. मला अर्थ लागत नव्हता, पण मल्लय्याचा चेहरा बदलत गेला तसं कळलं की आत्या गेली. थांबू का, असं विचारलं. त्यानं मान हलवून वाचायला सांगितलं. मी खालमानेनं अक्षरामागून अक्षर वाचत राहिलो आणि माझ्याच तोंडून बाहेर पडलं, "उगादिकी मुंदे रम्मनि रासिनं." पाडव्याच्या आधीच ये, असं आम्ही लिहिलं होतं.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं.

त्यानं खिशातून पहिलं पत्र काढलं. उलटं केलं. त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत राहिला. वाचता तर येत नव्हतं. मग म्हणाला, "पत्ता म्हणालास की."

माझ्या मांडीवरचं दुसरं पत्र त्यानं उचललं. माझ्या बायकोनं ठेवलेल्या कपाकडे बोट करून म्हणाला, "च्या घे. निवतोय."

त्या दोन ओळींत काय आहे, हे त्यानं मला कधीच विचारलं नाही. मी वाट बघत होतो. शिव्या घालील, बोलणं तोडील. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी गाडी दारात. "बस," म्हणाला. आम्ही सात रस्त्यापर्यंत गेलो, चहा प्यायलो, परत आलो. त्याच्या घरी गेलो तेव्हा भिंती रिकाम्या होत्या.

पुढं तीन वर्षं आम्ही तसेच जात राहिलो. मागच्या सीटवर बसून मी रोज त्याच्या पाठीकडे बघायचो आणि मनात वाक्य जुळवायचो. सात रस्ता यायचा. चहाच्या टपरीवर तोंडासमोर तोंड आलं की वाक्य जायचं. तो आजारी पडला, तेव्हा ठरवून गेलो. पलंगाशी तासभर बसलो आणि आता पाण्याचं काय होणार यावर बोलून उठलो.

तो गेला. तेरावा झाल्यावर त्याची मुलगी एक गुंडाळी घेऊन माझ्याकडे आली. "बाबा म्हणाले होते, हे बसण्णाकाकांना दे." आत नकाशाचे ते सगळे ग्राफ पेपर होते, आणि पहिलं पत्र. मी कागद खोलीभर पसरले. नळदुर्ग, उमरगा, लाल, हिरवे, निळे. तिनंच विचारलं, "काका, मागं बघितलंत का?"

मी कागद उलटले. पहिल्या कागदाच्या पाठीवर त्याच्या अक्षरात खुणांची यादी होती, नकाशा काढायला घेतला तेव्हाची.

लाल – चहा.
हिरवा – आजोबा.
निळा – बसण्णाची कंबर. त्याला सांगू नये.

पत्र आता माझ्याकडे आहे. मल्लय्या, तुला ते पूर्ण वाचून दाखवायचं राहिलं. ऐक. पहिली ओळ, 'कंड्लु पोतुन्नयि.' डोळे चाललेत. दुसरी ओळ, 'मल्लिगा, उगादिकी मुंदे रा.'

तो पत्ता नव्हता.