पेशकारांचा भुतावरचा दावा

लोहाऱ्याच्या तंबू टॉकीजमध्ये भुताचं सोंग उघडं पडलं, की भगवानराव पेशकार उठून उभे राहत आणि पडद्याकडं बोट करून ओरडत, “वायदाखिलाफी!” तो सिनेमा गावात होता तोवर रोज. तीच जागा, तोच प्रसंग.

भगवानराव निजामाच्या काळात कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं दाव्यांची कागदपत्रं मांडणारे कारकून, होते. राज्य विलीन झालं, उर्दू गेली, नोकरी संपली. पेशकारी तेवढी अंगात राहिली. दिलेला शब्द मोडणं, म्हणजे वायदाखिलाफी, हा त्यांच्या लेखी खुनाहून मोठा गुन्हा. एसटी उशिरा आली, वायदाखिलाफी. खरबूज फिकं निघालं, वायदाखिलाफी. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. माझ्यावरही एखादा दावा चालू असायचाच. स्वतः मात्र रात्री दाराला कडी घालत नसत. चोरांनी त्यांना वायदा दिला असेल, असं आम्ही हसून म्हणायचो.

सिनेमाही तसा गुन्हेगारच होता. किती तंबू फिरून आलेला, जुनापुराणा. सुरुवात मात्र अशी, की शेजाऱ्याचा हात धरावा. पडका महाल, मसणातला मांत्रिक, कवट्या, लिंबं. मांत्रिक मेलेल्या राणीला हाक मारतो, दार आपोआप उघडतं, उंबऱ्यावर पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी! आता काहीतरी होणार म्हणून आपण मांडी सावरतो, तर नायिका बागेत गाणं म्हणायला जाते. मग एक जाडा नोकर उगाच हौदात पडतो. शेवटी भूत म्हणजे महालाचा मुनीम निघतो, तोंडाला पीठ फासलेला. एवढ्या कवट्या जमवून मुनीम! आमच्या गावात मुनीम बघायला तिकीट लागत नाही.

“भुताचा बोर्ड लावलाय का न्हाय?” भगवानराव तंबूवाल्याला धरत. “मग भूत हाजिर करा!”

“साहेब, रोज फसताय, तर रोज येताय कशाला?”

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच जागी हजर.

शेवटच्या खेळाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो, तमाशा जवळून बघावा म्हणून. दार उघडलं, बाई उंबऱ्यावर आली, आणि भगवानराव उठून बाहेर चालू लागले. म्हाताऱ्याला बरं नसेल असं वाटून मी मागं धावलो.

“काय झालं, पेशकारसाहेब?”

“काय न्हाय, मास्तर. आज इथवरच बघायचं. पुढं मुनीम निघतोय.”

थोडं चालून ते म्हणाले, “आमची ही लई आजारी होती. मला कचेरीच्या कामानं हैदराबादला जावं लागलं. ‘तुमी येईस्तवर म्या कुठं जात न्हाय,’ म्हणली. आलो, तर...”

पुढं त्यांचा तो नेहमीचा शब्द येणार, असं मला वाटलं. तो त्यांनी उच्चारला नाही. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

घर आलं. दार नेहमीसारखं नुसतंच लोटलेलं होतं. ते उंबऱ्याशी थांबले.

“एकदा आली, तर सांगायचंय, मास्तर. दावा कधीच काढून घेतलाय म्हणावं.”