उत्तरकार्याच्या पानावर हंबीरराव

क्रांतीकाकूंनी वेबसाइट काढली ती साखरपुड्याच्या जेवणांसाठी, आणि तिच्यावरून पहिला फोन आला तो मयताच्या घरातून.

"उत्तरकार्याचं जेवण तुमीच करता न्हवं?" पलीकडचा माणूस दबक्या आवाजात विचारत होता.

काकू "व्हय" म्हणाल्या, सगळं विचारून घेतलं आणि फोन ठेवला. शेजारी सून शिवानी नुसती नाचायची राहिली होती. "आई, आला! आला की नाही फोन?"

"कुणाचं तरी माणूस गेलंय गं," काकू म्हणाल्या. "जरा हळू हस."

उत्तरेश्वर पेठेत काकूंच्या हातचं जेवण म्हणजे बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा. पूर्वी कुणीतरी बाई दारात येऊन उभी राहायची, "वहिनी, पोरीचं ठरलंय, मोकळ्या हायसा न्हवं?" म्हणायची, आणि तेवढ्यावर सगळं ठरायचं. पुढची ऑर्डर त्याच पंगतीतून उठायची. वाढताना कुणी पदर धरून विचारायचं, कुणी हात धुताना. आता हॉलवाले फुलांच्या कमानीबरोबर जेवणही गळ्यात मारतात. लोक ताट हातात घेऊन उभ्याउभ्या जेवतात, आणि स्वयंपाक कुणी केला हे कुणाला ठाऊकही नसतं.

काकूंची मोठी शेगडी महिनोन् महिने थंड होती. त्यांच्याबरोबर पुऱ्या लाटता लाटता म्हातारी झालेली तानूबाई रोज सकाळी यायची, चार लसणाच्या पाकळ्या सोलायची, चहा प्यायची आणि मान खाली घालून परत जायची. आशा एकच उरली होती. पलीकडच्या गल्लीतल्या हंबीररावांच्या नातीचा, प्रियदर्शनीचा साखरपुडा. ते जेवण मिळालं तर चार घरांत पुन्हा नाव होणार होतं. नाहीतर पातेली मोडीत घालायची, हे काकूंनी मनाशी ठरवलं होतं. तानूबाईला सांगायचा धीर मात्र होत नव्हता. आणि मुलाकडचे आजऱ्याचे पाहुणे तर "बघू, काजूचा हंगाम होऊ दे", "बघू, भात कापून होऊ दे" असं म्हणत हलायला तयार नव्हते.

म्हणून वेबसाइट. शिवानीनं ती घरीच, फुकटात तयार केली. महिनाभरात तिच्याकडे दोघंच फिरकले.

"त्यातली एक मी," शिवानी म्हणाली. "दुसऱ्या तुम्ही."

मग तिनं इंटरनेटवरून फुकटची साधनं शोधली. वेबसाइट लोकांना का सापडत नाही, ते सांगणारी.

"फुकट कोण काय देतंय गं?" काकू म्हणाल्या. "भाजीवाली कोथिंबीर देती, ती बी भाजी घेतल्यावर."

पण साधनं खरंच फुकट होती आणि कामाचीही. पहिल्यानं सांगितलं की 'साखरपुडा जेवण' म्हणून शोधलं तर शेकडो हॉलवाले पुढे उभे आहेत, त्यांत काकूंचा नंबर लागणं कठीण. 'उत्तरकार्य जेवण' मात्र लोक रोज शोधतात आणि त्याची जाहिरात कोल्हापुरात कुणीच करत नाही.

"करंल कोण?" काकू म्हणाल्या.

"आपण करू. नुसतं एक पान टाकायचं. माणसं एकदा आत आली की साखरपुड्याचंही बघतील."

काकू तेव्हा आमटीला फोडणी देत होत्या. "टाक की," त्या म्हणाल्या. "एका पानानं काय हुतंय?"

दुसऱ्या साधनानं तक्रार केली की फोटो फार जड आहेत. शिवानीनं ते चारी बाजूंनी कातरले. तिसरं म्हणालं, फोटोंना नावं नाहीत, नावं द्या, आणि ज्या शब्दावर लोक येतात तोच शब्द द्या. शिवानीनं एका बैठकीत सगळ्या फोटोंना एकच नाव देऊन टाकलं. संध्याकाळपर्यंत लाल खुणांच्या हिरव्या झाल्या, आणि त्या आठवड्यात फोन सुरू झाले.

शेगडी पेटली. पण असलं जेवण काकूंनी कधी केलं नव्हतं. मीठ बरोबर आहे का, हे कुणी सांगेना. कुणी वाढून मागेना. घरातली माणसं ताटाकडे न बघता जेवायची आणि जाताना "येते" म्हणायचीही चोरी, म्हणून काकू गुपचूप भांडी उचलून निघायच्या.

"ढेकर सुदीक कोण देत न्हाय," तानूबाई टेम्पोत बसल्यावर म्हणाली. "आपण जेवाण केलं का औषीद केलं, कळंना."

आणि गल्ली बदलली. काकू समोरून आल्या की घरात म्हातारं माणूस असलेल्या बायका दार ओढून घ्यायला लागल्या. ठरलेलं एक डोहाळजेवण मोडलं. मुलीची आई फोनवर गुळमुळीत बोलली, "तसं काय न्हाय वो काकू, पण पोटुशी पोरगी, उगंच मनाला लागून ऱ्हातंय."

एवढ्यावर थांबलं असतं तरी काकूंनी सोसलं असतं. पण एका सकाळी हंबीररावांचा मुलगा उदयसिंह दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता, आणि हातात फोन होता.

"काकू, आमच्या आबास्नी तुमी कवा मारलं?"

फोनवर हंबीरराव होते. गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू, पुढ्यात तेवणारं निरांजन, चेहरा गंभीर. खाली लिहिलं होतं : उत्तरकार्य जेवण, कोल्हापूर.

काकूंनी फोटो ओळखला. तो पंच्याहत्तरीच्या सत्काराचा फोटो होता. ते जेवण गल्ली अजून नावाजत होती, म्हणूनच तो निवडला होता. ओवाळणाऱ्या पाच जणी, मागची आरास, शेजारी हसत बसलेली प्रियदर्शनी, सगळं कातरण्यात गेलं होतं. उरले होते आबा, हार आणि निरांजन.

आबांच्या आजऱ्यातल्या कुणा नातेवाइकाला आचारी शोधताना तो दिसला होता. त्यानं तो भावकीच्या ग्रुपवर टाकला, आणि सकाळपासून त्याच्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

काकू तशाच चपला सरकवून उदयसिंहाबरोबर निघाल्या. पूर्वी मयताची बातमी सायकलवरून यायची. आणणारा दारात उभा राहून आधी पाणी मागायचा, आणि त्याच्या पाणी पिण्यावरूनच घर काय ते ओळखायचं. तो निदान माणूस खरंच गेलाय एवढी खात्री करून तरी निघायचा.

हंबीररावांच्या सोप्यात माणसं बसली होती. राधानगरीची बहीण पहिल्या एसटीनं आली होती. तिनं गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढला होता, आणि दार उघडायला आबाच गेले होते. ती अजून सावरली नव्हती. आबा आत खाटेवर बसून धुमसत होते.

"क्रांते," ते म्हणाले, "बहीण रडली, ते ठीक. पर चुलतभाऊ आल्याआल्या इचारतोय, वरच्या पट्टीच्या रानाचं काय करायचं ठरलंय. मी हितं बसलोय, आनि माझ्याकडं बघूनच इचारतोय!"

"आबा, पाया पडते. आत्ता सुनेला सांगून काढून टाकते."

तेवढ्यात उदयसिंहाचा फोन वाजला. आजऱ्याची पाहुणी, नवऱ्या मुलाची म्हणजे राजवर्धनची आई. उदयसिंहानं घाबरून फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"दादा, लई वाईट झालं वो. आमास्नी आजच कळलं. पोरगी बघाय आलो तवा आबांची भेट न्हाय झाली, ते डोळ्याच्या आप्रेशनला गेलते न्हवं? शेवटी फोटोतच बघितलं." तिनं नाक ओढलं. मग आवाज थोडा सरळ झाला. "दादा, ह्या टायमाला बोलू नये, पर कार्य आता वर्साच्या आत करायला पायजे. न्हायतर तीन वर्सं थांबाय लागंल, आनि आमचा राजू काय ल्हान ऱ्हायला न्हाय. सुतक फिटलं की साखरपुडा उरकूया. तुमचं काय म्हन्नं?"

उदयसिंहानं तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी खाटेवरून हात वर केला. त्यांनी मान डोलावली. मग अजून जोरात डोलावली.

"हुईल की," उदयसिंह म्हणाला.

फोन बंद झाल्यावर काकू पुढं झाल्या. "आबा, हे काय वो? तुमी तर जित्ते हायसा."

"मी काय खोटं बोललोय? त्यांनी इचारलंच न्हाय." आबांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला होता. "नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या हाईत मला. लग्नात उभा ऱ्हातो, मग बघू काय करत्यात. आनि फोटोला हात लावशील तर बघ! साखरपुडा हुस्तवर जाग्यावर ऱ्हाऊ दे. जेवाण तुझंच."

काकूंनी ज्या ऑर्डरीसाठी देवाला नवस बोलला होता, ती अशी पदरात पडली. घरी येऊन त्यांनी तानूबाईला सांगितलं. तानूबाई डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं बाई." नक्की काय बरं झालं, हे दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही.

साखरपुडा तालमीच्या हॉलमध्ये झाला. तोंड उघडायचं नाही, असं आबांनी गल्लीला आणि भावकीला आधीच दटावून ठेवलं होतं. पंगती बसल्या, ढेकर आले, वाढून मागणारे आले. दोन बायकांनी हात धुताना काकूंचा नंबर घेतला, एक बारशासाठी, एक लग्नासाठी. स्वयंपाकघराला लावलेल्या पडद्यामागं, पालथ्या घातलेल्या पातेल्यावर हंबीरराव बसले होते. हॉलमध्ये मुलाकडचं कुणीतरी त्यांच्या आठवणीनं दोन शब्द बोलत होतं आणि आबा जिलेबी खात ऐकत होते.

पंगत उठल्यावर राजवर्धनची आई पडद्यापाशी आली. काकूंनी तिला बाहेरच अडवलं.

"जेवाण लई चांगलं झालं," ती म्हणाली. "एक मनात हाय, ताई. आबांच्या वर्षश्राद्धाचं जेवाण आमच्याकडनं. आत्ताच तुमच्याकडं सांगून ठेवते. गोड काय करूया? खीर?"

काकूंनी पडदा आणखी ओढून घेतला.

"बासुंदी," पडद्यामागून हलकेच आवाज आला.

"कोन बोललं?"

"आचारी हाय आमचा," तानूबाई म्हणाली.

"बासुंदीच सांगा मग," राजवर्धनची आई डोळे टिपत म्हणाली आणि गेली.

काकू पडदा सारून आत आल्या. आबांची साखर अख्ख्या पेठेला माहीत होती. त्यांच्या द्रोणात दोन जिलेब्या होत्या आणि तिसरी तोंडाशी.

"आबा, बासुंदी खायाची असंल तर अजून वरीसभर जगाय लागंल," त्या म्हणाल्या. "ठेवा ती खाली."

आबांनी जिलेबीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि निमूटपणे ती द्रोणात ठेवली.